पट्टा दंडाला, औषध हृदयाला

या वीकेंडला इतिहास लिहायचा आहे, पण राजेरजवाड्यांचा नाही. बीपी मोजायच्या पट्ट्याचा. म्हणजे खरं तर त्या पट्ट्यावर डॉक्टर लोकांनी ठेवलेल्या एका आशेचा. ती कशी सुरू झाली, कशी वाढली आणि मग कशी खाली बसली, ते सगळं. चहा घेऊन बसा, जरा लांबण आहे.

आधी हे खूळ माझ्या डोक्यात कुठून शिरलं ते सांगतो. माझं घर अहेरीला. पुण्यात हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "हे कुठे आलं?" आणि गडचिरोली म्हटलं की दुसरा प्रश्न नक्षलवाद्यांचा. तर अहेरी म्हणजे प्राणहितेच्या काठचं गाव. नदीपलीकडे तेलंगण. आठवडी बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया एकाच वेळी कानावर पडतात. १९८२च्या ऑगस्टपर्यंत आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात होतो, मग गडचिरोली वेगळा झाला. ("आम्ही" म्हणजे गाव. माझा तेव्हा पत्ताही नव्हता.) बाबा वनखात्यात होते, आलापल्लीच्या सागवानात त्यांची सगळी नोकरी गेली.

दोन वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका रविवारी पहाटे बाबांच्या छातीत दुखायला लागलं. "काही नाही, गॅस झाला असन," म्हणून त्यांनी ओवा चघळला, आईने सोडा दिला. असे तीन तास गेले. मग घाम फुटला, डावा हात जड झाला, तेव्हा कुठे शेजाऱ्यांनी गाडी काढली. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, अटॅक आहे म्हणाले, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं आणि लगेच पुढे पाठवलं. पुढे म्हणजे किती पुढे? गडचिरोली शंभर किलोमीटरच्या वर, आणि नागपूर त्याच्याही पुढे पावणेदोनशे. पाऊस कोसळत होता. खनिजाच्या ट्रकांनी रस्त्याची चाळण झालेली. आष्टीला वैनगंगेवरचा पूल सुरू होता एवढं नशीब.

मी पुण्यात, हजारेक किलोमीटर लांब. चुलतभाऊ ॲम्ब्युलन्समध्ये बाबांच्या शेजारी बसला होता आणि त्याने फोन चालूच ठेवला होता. रेंज जायची, यायची. आली की एक आवाज ऐकू यायचा... घर्रर्र, मग सुस्कारा सोडल्यासारखा फुस्स. दंडावरचा बीपीचा पट्टा आपोआप फुगत होता आणि सुटत होता. त्या दिवशी मला तो आवाज येत होता म्हणजे बाबा होते.

बाबा वाचले. हृदयाचं पंपिंग कमी झालंय, जिना आता थांबत थांबत चढतात, पण आहेत. पुढे काही महिन्यांनी एका डॉक्टर मित्राला मी ही गोष्ट सांगत होतो तर तो सहज बोलून गेला, "तो पट्टा फुगवून नुसतं बीपी मोजता येतं असं नाही. त्यानेच अटॅकमधलं नुकसान कमी करता येईल असं बऱ्याच लोकांना बरीच वर्षं वाटत होतं." एवढं बोलून तो जेवायला लागला. माझं जेवण तिथेच संपलं.

कारण म्हणजे बघा, पट्टा! कॅथलॅब नाही, कोटींची मशिनरी नाही, पट्टा. जो अहेरीतच काय, भामरागडच्या पुढच्या उपकेंद्रातही खुंटीला लटकलेला असतो. हे जर खरं असेल तर मग त्या दिवशी कुणी का नाही केलं? आणि खरं नसेल तर इतक्या लोकांना वाटलं कसं?

आता मूळ प्रश्न समजून घेऊ. हृदयाच्या धमनीत गुठळी अडकली की पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही, तो मरायला लागतो. मग गुठळी काढली, रक्त परत सुरू झालं की प्रश्न मिटला, असं आपल्याला वाटतं. पण तसं होत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसते. लाइट जाण्याने फ्रिज बिघडत नाही, फार तर दूध नासतं. फ्रिज जळतो तो लाइट येताना. एकदम व्होल्टेज उसळतं आणि गेला काँप्रेसर. म्हणून जाणती माणसं लाइट गेली की आधी पिन काढून ठेवतात. हृदयाचं पुष्कळसं असंच आहे. रक्त नसताना पेशीत आम्ल साठतं, सोडियम आणि त्याच्या मागोमाग कॅल्शियम आत भरतं, ऊर्जा संपत आलेली असते. अशा अवस्थेत एकदम ऑक्सिजनवालं रक्त धडकलं की विघातक रेणूंचा लोंढा तयार होतो, आम्लता झटक्यात उतरते, आणि पेशीतली जी वीजकेंद्रं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, त्यांच्या भिंतीत एक भोक उघडतं. ते उघडलं की केंद्र बंद, पेशी खलास. म्हणजे जो उपचार जीव वाचवतो तोच जाता जाता थोडा स्नायू मारूनही जातो.

रक्त परत आल्यावर स्नायूची नासधूस कशी दिसते हे रॉबर्ट जेनिंग्ज या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० साली कुत्र्यांच्या हृदयांवर दाखवलं होतं. तेव्हा त्याकडे कुणाचं फारसं लक्ष जायचं कारण नव्हतं, कारण माणसात अडकलेली धमनी उघडायची सोयच नव्हती. अटॅक आला की पडून राहा, मॉर्फिन घ्या, देवाचं नाव घ्या. रक्त परत येणारच नसेल तर परत येण्याच्या त्रासाची चिंता कशाला?

पुढे १९७७मध्ये जेनिंग्ज आणि कीथ रायमर यांनी आणखी एक गोष्ट मांडली, आणि ती वाचताना मला एकदम घरचं काहीतरी वाचल्यासारखं झालं. स्नायू एकदम मरत नाही. आतल्या थरापासून मरण सुरू होतं आणि तासातासाने बाहेरच्या थराकडे सरकत जातं. वणव्यासारखं! बाबांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलंय, वणवा म्हणजे आग नव्हे, आगीची सरकती रेघ. रेघ कुठवर आली ते बघायचं, तिच्या पुढचं जंगल अजून आपलं असतं.

मग उजाडलं १९८६. हे वर्ष या गोष्टीत फार महत्त्वाचं, कारण एकाच वर्षात दोन वेगळ्या दिशांनी दोन गोष्टी आल्या. इटलीत ११,७१२ रुग्णांवर केलेल्या जिस्सी नावाच्या अभ्यासाने दाखवून दिलं की स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेत दिलं तर माणसं वाचतात. म्हणजे आता धमन्या खरोखर उघडायला लागल्या. आणि त्याच वर्षी अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात, त्याच जेनिंग्ज आणि रायमरच्या प्रयोगशाळेत, चार्ल्स मरी नावाच्या तरुण विद्यार्थ्याने एक उफराटा प्रयोग छापला.

त्यांनी कुत्र्याच्या हृदयाची एक धमनी पाच मिनिटं दाबली, पाच मिनिटं सोडली. असं चारदा. मग तीच धमनी सलग चाळीस मिनिटं बंद ठेवली. अपेक्षा अशी की आधीच चारदा छळलेला स्नायू आणखी लवकर मरेल. झालं उलटंच. नुसती चाळीस मिनिटं धमनी बंद ठेवली तेव्हा धोक्यातल्या भागापैकी सुमारे २९ टक्के स्नायू मेला होता. आधी छोटे छोटे चार दणके दिले तेव्हा ७ टक्के. एक चतुर्थांश!

याला ते प्रीकंडिशनिंग म्हणाले. मला जाळरेषा आठवली. उन्हाळा तापायच्या आधी वनखात्याची माणसं जंगलात पट्टे आखून तिथला पालापाचोळा स्वतःच जाळून टाकतात. छोटी, ताब्यातली आग. म्हणजे पुढे मोठा वणवा आला की त्या पट्ट्यापाशी अडतो. (तुलना तंतोतंत नाही. जाळरेषेत जळण संपतं, हृदयात पेशी स्वतःच सावध होते, आतले काही संदेश चालू करते आणि ते मघाचं भोक उघडू न देण्याची तयारी करते. पण बाबांना फोनवर समजावताना मी हीच तुलना वापरली आणि ती चालली.)

इथे एक गोष्ट मात्र नीट बघून ठेवा, पुढे लागणार आहे. त्याच प्रयोगात काही कुत्र्यांची धमनी चाळीस मिनिटांऐवजी तीन तास बंद ठेवली होती. त्यांच्यात आधीच्या दणक्यांचा काही फायदा दिसला नाही. लेखकांनी लेखाच्या शीर्षकातच शब्द घातला आहे तो विलंबाचा. पेशीचं मरण लांबतं. टळत नाही.

आता अडचण उघड आहे. अटॅक यायच्या आधी कुणाच्या हृदयाची धमनी चारदा दाबणार? शनिवारी अटॅक येणार आहे, शुक्रवारी येऊन जा, असं थोडंच असतं?

पुढचं पाऊल १९९३ साली पडलं आणि ते मला सगळ्यात आवडतं, कारण त्याच्या मागे प्राणी नव्हता, गणित होतं. कॅरिन प्रझिक्लेंक (उच्चार चुकला असेल तर माफी), पीटर व्हिटेकर, रॉबर्ट क्लोनर वगैरे मंडळींकडे एक गणिती मॉडेल होतं, आणि त्यातून असं सुचत होतं की हे संरक्षण दणका बसलेल्या भागापुरतं राहत नसावं, शेजारच्या भागातही पोचत असावं. मॉडेल काहीतरी विचित्र सांगतंय म्हटल्यावर आपण काय करतो? बग आहे म्हणतो आणि पुढे जातो. यांनी करून बघितलं. कुत्र्याच्या हृदयाच्या एका धमनीला छोटे दणके दिले आणि मग भलतीच दुसरी धमनी तासभर बंद ठेवली. जिला कुणी हातही लावला नव्हता तिच्या भागातलं नुकसान १६ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं.

म्हणजे निरोप जातोय. एका जागेचा दुसऱ्या जागेला. मग किती लांब जातो? १९९६ साली हॉलंडमध्ये रॉटरडॅमच्या लोकांनी उंदरांच्या आतड्याची धमनी पंधरा मिनिटं बंद करून सोडली आणि हृदय वाचतं का ते पाहिलं. वाचत होतं. मज्जातंतूंचा संदेश अडवणारं औषध आधी दिलं तर मात्र वाचत नव्हतं. १९९७मध्ये सशाच्या मागच्या पायाचा रक्तपुरवठा कमी करून तसंच काहीसं दाखवलं गेलं. ठरलं तर मग, निरोप नसांमधून जातो... असं म्हणेपर्यंत २००५मध्ये डुकरांवरचा एक प्रयोग आला. ज्याच्यात दुसऱ्याचं हृदय बसवायचं त्या डुकराच्या पायाला आधी दणके दिले, मग नवं हृदय बसवलं. बसवलेल्या हृदयाच्या नसा तुटलेल्याच असतात. तरी ते हृदय वाचलं. म्हणजे रक्तातूनही काहीतरी जातं. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन चॅनेल आहेत आणि दोन्ही लागतात. रक्तातून नेमकं काय जातं याचे बरेच उमेदवार सुचवले गेले, पण हाच तो, असं सर्वांनी मान्य केलेलं नाव आजही नाही.

आणि मग पट्टा आला. एकदाचा!

पट्ट्याचा स्वतःचा इतिहास जुना. इटलीतल्या रिव्हा-रोची नावाच्या डॉक्टरने १८९६ साली दंडाभोवती फुगवायची रबरी नळी आणि पाऱ्याचा स्तंभ जोडून रक्तदाब मोजायची सुटसुटीत रीत काढली. १९०५मध्ये रशियात कोरोत्कोव्हने पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकायला सांगितलं. तेव्हापासून जगभरचे डॉक्टर दिवसातून पन्नास वेळा माणसाच्या हाताचा रक्तपुरवठा क्षणभर तोडतात आणि सोडतात, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. २००२ साली राजेश खरबंदा, अँड्र्यू रेडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी हाच पट्टा २०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत फुगवून पाच मिनिटं ठेवला, पाच मिनिटं सोडला, असं तीनदा. एवढ्याने माणसाच्या दुसऱ्या हातातल्या रक्तवाहिन्यांचं रक्त तोडल्यामुळे होणारं नुकसान कमी झालं. डुकरांमध्ये पायावर असंच केलं तर अटॅकचं नुकसान कमी झालं. शस्त्रक्रिया नको, औषध नको, खर्च नाही.

यानंतरची आठ वर्षं वाचताना मला अक्षरशः झोप लागत नव्हती. २००६, टोरांटो, जन्मजात हृदयदोषाच्या ऑपरेशनला आलेली ३७ मुलं, पायाला पट्टा, फायदा. २००७, लंडन, बायपासचे ५७ रुग्ण, दंडाला पट्टा. स्नायूच्या इजेची रक्तातली खूण जी ट्रोपोनिन, ती ४३ टक्क्यांनी कमी. आणि २०१० साली डेन्मार्कमध्ये हान्स एरिक ब्योटकर यांच्या गटाने तर माझ्या मनातलाच प्रयोग केला. ॲम्ब्युलन्समध्ये! ३३३ रुग्ण, हॉस्पिटलकडे जाता जाता काहींच्या दंडाला पट्टा, चारदा पाच मिनिटं फुगवायचा, मध्ये पाच मिनिटं सोडायचा. धोक्यात आलेल्या स्नायूपैकी किती वाचला त्याचा निर्देशांक नुसत्या अँजिओप्लास्टीत ०.५५, पट्टा लावलेल्यांत ०.७५. (ज्यांचं मोजमाप पूर्ण झालं ते रुग्ण ३३३पेक्षा बरेच कमी होते, हे मी पहिल्यांदा वाचताना घाईत सोडून दिलं होतं. आशा असली की तळटिपा दिसत नाहीत.)

सगळा खेळ साधारण चाळीस मिनिटांचा. अहेरीहून निघालं तर चाळीस मिनिटांत गाडी आष्टीच्या अलीकडेच असते. घर्रर्र, फुस्स. मी मनातल्या मनात ती गाडी परत परत चालवत होतो आणि दर वेळी कुणीतरी त्या पट्ट्याचं बटण पाच मिनिटं दाबून धरत होतं.

मग २०१५ आलं. न्यू इंग्लंड जर्नलमध्ये एकाच वेळी दोन मोठे अभ्यास. ब्रिटनमधला बायपासच्या १,६१२ रुग्णांचा आणि जर्मनीतला हृदयशस्त्रक्रियेच्या १,३८५ रुग्णांचा. पट्टा लावलेले आणि न लावलेले, दोघांत फरक नाही. लोक म्हणाले, ऑपरेशनची गोष्ट वेगळी. तिथे प्रोपोफॉल नावाचं भुलीचं औषध दिलेलं असतं, ते हा निरोप अडवत असावं. तसे पुरावेही होते. अटॅकमध्ये भूल नसते, तिथे बघा. बघितलं. २०१९ साली लॅन्सेटमध्ये ब्रिटन, डेन्मार्क, स्पेन आणि सर्बिया मिळून ५,४०१ अटॅकच्या रुग्णांचा अभ्यास छापून आला. डॅनिश बाजूला तेच ब्योटकर, ब्रिटिश बाजूला २००७चा बायपासवाला अभ्यास करणारे डेरेक हाउसेनलॉय. वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती, हे न लावलेल्यांत ८.६ टक्के, पट्टा लावलेल्यांत ९.४. फरक नाही म्हणा, असला तर भलत्या बाजूला.

या लोकांबद्दल मला आदर वाटतो तो इथे. ज्या कल्पनेवर आयुष्याची पंधरा-वीस वर्षं घातली तिलाच त्यांनी स्वतः सर्वात मोठ्या परीक्षेला बसवलं आणि ती नापास झाली हे स्वतःच्याच सहीने छापलं. आपल्याकडे साधा डेमो फसला तर आपण नेटवर्कला दोष देतो. :-)

पण ती नापास का झाली? एक कारण संख्येचं. तीस-चाळीस रुग्णांत योगायोगानेही चांगले आकडे येतात, आणि चांगले आले की ते लवकर छापले जातात. दुसरं, प्रयोगशाळेतला प्राणी तरुण, निरोगी. माणूस साठीचा, मधुमेही, डझनभर गोळ्या खाणारा. त्यातल्या काही गोळ्या, विशेषतः प्लेटलेटवरच्या, स्वतःच थोडंफार हेच संरक्षण देत असाव्यात. मग पट्ट्याला उरलं काय? सायक्लोस्पोरिन या औषधाचीही अशीच गत झाली होती. मायटोकॉन्ड्रियातलं ते भोक बंद ठेवणारं औषध. २००८मध्ये ५८ रुग्णांत छान फायदा, २०१५मध्ये ९७० रुग्णांत शून्य.

तिसरं कारण मला जास्त बोचतं. त्या ५,४०१ जणांपैकी बहुतेकांची प्रकृती पोचताना स्थिर होती आणि सगळेच अँजिओप्लास्टीला निघालेले होते. तिथे उपचार मुळात इतका चांगला आणि इतका वेळेत झाला की वाचवायला फारसं उरलंच नव्हतं. घर आधीच कोरडं असेल तर ताडपत्रीचा फायदा कसा मोजणार?

मग गळक्या घरात काय? याचा एक धागा मला मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी, मॉरिशसमध्ये. त्याच २०१५ साली तिथल्या ५१९ रुग्णांचा अभ्यास छापून आला. हे रुग्ण अँजिओप्लास्टीचे नव्हते. बाबांसारखे, इंजेक्शनवाले. इंजेक्शनबरोबर पट्टा लावला तेव्हा स्नायूच्या इजेच्या रक्तातल्या खुणा कमी झाल्या. (मॉरिशसमध्ये मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्या ५१९मध्ये एखादा आपल्याकडचा आजोबा असेल का, असं उगाचच मनात येऊन गेलं.) पण खुणा कमी होणं वेगळं आणि माणूस जगणं वेगळं. खुणा तर लंडनमध्येही कमी झाल्या होत्या. एकदा पोळल्यावर मी आता हे ताक फुंकूनच पितो.

या टप्प्यावर एक सांगून टाकतो, कारण वाचणाऱ्यांत कुणाचे तरी आईवडील असतातच. घरी छातीत दुखायला लागलं तर पट्टा आवळत बसू नका. अटॅकच्या नेहमीच्या उपचारात आज या प्रकाराला जागा नाही. शिवाय आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. रक्त अडवून ऑक्सिजन कमी केला की त्या आजारात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि अडकतात. डेन्मार्कच्या ॲम्ब्युलन्समध्ये कुणाला हा विचार करावा लागला नसेल. अहेरीच्या ॲम्ब्युलन्समध्ये करावाच लागेल. स्वस्त आणि खरोखर काम करणारी गोष्ट हवी असेल तर ती आहे आणि तिचं नाव ॲस्पिरिन. १९८८ साली १७,१८७ रुग्णांच्या अभ्यासात महिनाभर रोजच्या एका ॲस्पिरिनने, गोळी दीडशे मिलिग्रॅमच्या आसपासची, पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले होते. ती चालते की नाही हे डॉक्टरला विचारा, पण विचारायला लगेच जा. ओवा नंतर खा.

पट्ट्याची गोष्ट मात्र संपली नाही, ती हृदयाकडून मेंदूकडे सरकली. आणि इथे ती परत गडचिरोलीपाशी येते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या शोधग्रामच्या 'सर्च' संस्थेने जिल्ह्यातल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या दोन वर्षांतल्या प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. मेंदूविकारतज्ज्ञ योगेश्वर कालकोंडे त्यात प्रमुख होते. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, लकव्याने. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण! मलेरिया, साप, कुपोषण ही आपल्या मनातली गडचिरोली, आणि माणसं मरत होती बीपीच्या आजाराने. बहुतेक जण घरीच गेले.

लकव्यातही तेच, गुठळी, अडलेलं रक्त, सरकती रेघ. २०२२मध्ये चीनमध्ये सुमारे १,८०० रुग्णांवर पट्ट्याचा प्रयोग झाला. मध्यम तीव्रतेचा लकवा, ४८ तासांच्या आत सुरुवात, दोन्ही दंडांना पट्टा, दिवसातून दोनदा, दहा ते चौदा दिवस. तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण बरे झालेले पट्टावाल्यांत ६७.४ टक्के, इतरांत ६२. मी खुर्चीत सरळ बसलो. पुढच्याच वर्षी डेन्मार्कने ॲम्ब्युलन्समध्ये पट्टा लावायला सुरुवात करून पाहिलं, तर फायदा नाही. आता पुन्हा वाद. दिवस जास्त हवेत का, रुग्ण कुठले, किती उशिरा. मी यावर डोळा ठेवून आहे, पण यावेळी तळटिपांसकट.

बाबांना त्या दिवशी पट्ट्याने फायदा झाला असता का, हा प्रश्न घेऊन मी निघालो होतो. मरीच्या कुत्र्यांचे ते तीन तास आठवतात? बाबांचे तेवढे तास घरीच गेले होते, आईच्या स्वयंपाकघरात. आणि त्यापुढे रस्ता.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट हाती लागली. ज्यांना अटॅकच्या आधी अधूनमधून छातीत दुखून थांबलेलं असतं, त्यांच्यात अटॅकचं नुकसान सरासरीने कमी दिसतं. १९९५ साली त्याच क्लोनरने रुग्णांच्या नोंदींतून ते दाखवलं. शरीर स्वतःच छोटे दणके देऊन ठेवतं. मी लगेच फोन लावला आणि बाबांना विचारलं, "त्याच्या आधी कधी दुखलं होतं का?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन-तीन दिवस नदीकडून येताना भरून येत होतं. थांबलो की जात होतं."

"आणि सांगितलं नाही?"

"तुला काय सांगायचं एवढ्यासाठी?"

ते ऐकून मला काय वाटलं ते इथे लिहिता येणार नाही. त्याच दिवशी ईसीजी काढला असता तर कदाचित पुढचं काहीच घडलं नसतं. तेच दुखणं त्यांना थोडंसं वाचवूनही गेलं असेल. बाबांच्या बाबतीत तसं झालंच असं कुणीही ठामपणे सांगू शकणार नाही, पण मी त्यांना क्लोनर, मरी, कुत्रे, सगळं सांगितलं.

"म्हणजे जाळरेषा मीच काढून ठेवली होती म्हण ना," बाबा म्हणाले, बऱ्यापैकी खूश होऊन.

मागून आईचा आवाज आला, "द्या इकडे तो फोन."